तांदळाच्या डब्यातला फोन

सर्व्हेअक्काचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. पत्ता चुकला, वय चुकलं, की मागून येऊन डोक्यात टपली ठेवून द्यायची, आणि मग काय चुकलं ते सांगायची. एकदा एका मुलाने घरी बसून खोट्या मुलाखती भरल्या, तर भर ऑफिसात तिने त्याच्या अशी कानाखाली वाजवली की शेजारचा झेरॉक्सवाला दुकान सोडून बघायला आला. आजकाल अशा बाईला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणा बापडे! गेल्या वर्षी ती गेली तेव्हा आम्ही टपल्या खाल्लेल्या सगळ्याजणी ढसाढसा रडलो.

ती तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीतली, आमच्यासारख्याच मराठी घरातली. नवऱ्याला तरुणपणीच सोडून आलेली, पन्नाशी उलटलेली, धिप्पाड बाई. कावेरीकाठच्या गावांत फोन कोणाकडे आहे, इंटरनेट कोण वापरतं आणि कोणाला वापरू देत नाहीत, याचा अभ्यास चेन्नईची एक संस्था करत होती. आम्ही पोरी टॅब घेऊन घरोघर हिंडायचो आणि अक्का आमची सुपरवायझर. तिची मराठी ऐकवली की पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी आजही हसतात. ‘करितें’, ‘मारितो’, आणि मध्येच तमिळची फोडणी. हसेनात का. मला तीच खरी मराठी वाटते.

बाईची मुलाखत ती एकटी असताना घ्यायची, असा संस्थेचा नियम. कागदावर लिहायला काय जातंय! बाईला प्रश्न विचारला की उत्तर द्यायला नवरा, सासरा, दीर, सगळे हजर. अक्का छत्री आडवी धरून दारात उभी राहायची. ‘‘तिला बोलूं दे. तुझी पाळी आली कीं तूं बोल.’’ एक म्हातारा पिऊन आलेला, हलेचना. अक्काने छत्रीचं टोक त्याच्या पोटात रोवलं आणि त्याला उलट्या पावलांनी अंगणात नेऊन शेणात पाडला. त्याने दगड भिरकावला तो नेमका माझ्या कपाळाला. रक्ताची धार लागली. अक्काने पदर ओला करून दाबून धरला, दोन मिनिटांनी उचलून बघितला आणि म्हणाली, ‘‘थांबलें. आतां पुढचा प्रश्न विचार.’’

तिचा दुसरा हट्ट खरं लिहिण्याचा. पुष्कळ बायकांकडे फोन असायचा, पण त्या ‘नाही’ म्हणायच्या. फोनपायी मार खाल्लेल्या बायका आम्ही कमी पाहिल्या नव्हत्या. एकीचा दात पडलेला, एकीच्या पाठीवर चार्जरच्या वायरीचे वळ. आम्हाला दया यायची आणि ‘नाही’ दाबून मोकळं व्हावंसं वाटायचं. अक्का भडकायची. ‘‘तुम्ही ‘नाहीं’ लिहिलांत, कीं तिथें दिल्लीत बसलेला म्हणेल, या बायकांना नकोच आहे. आहे तें लिही!’’

तिरुवैयारूच्या पुढे कालव्याकाठी एक गाव आहे. तिथे सेल्वी भेटली. विशीतली, हडकुळी, सारखी दाराकडे बघणारी. सासऱ्याला अक्काने बाहेर काढलं तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. तिची धाकटी बहीण जातीबाहेर लग्न करून पळाली होती. माहेरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली, सासरच्यांनी तिचं नाव घेण्याची बंदी केली. या बहिणीने गुपचूप एक जुना फोन पाठवला होता. तो तांदळाच्या डब्यात, आवाज बंद करून. नवरा गिरणीवर गेला की सेल्वी तो काढायची आणि बहीण आपलं बाळ दाखवायची. ‘‘अक्का, तेवढंच माझं आहे,’’ ती तमिळमध्ये म्हणाली. हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला की मला भरूनच आलं.

नंबराच्या रकान्याशी मी थांबले. अक्का म्हणाली, लिही. मी लिहिला. संस्था काही नंबरांवर फोन करून मुलाखत खरंच झाली का ते तपासते, हे अक्काला माहीत होतं. म्हणून कालव्यावर उभं राहून तिने चेन्नईच्या साहेबाला फोन लावला आणि दहा वेळा बजावलं, ‘‘सर, हा नंबर सोडून. ह्या नंबरला कोणी करायचा नाहीं.’’ साहेब ‘ओके, ओके’ म्हणाला. त्याच्या ओकेला काय चुलीत घालायचंय!

पुढच्या आठवड्यात तपासणीचा अहवाल आला. सेल्वीच्या नंबरापुढे लिहिलं होतं: पुरुषाने उचलला, शिवीगाळ, तपासणी अपूर्ण. अक्काने ते वाचलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मला म्हणाली, ‘‘गाडी काढ.’’ वाटेत माझ्या मागे बसून ती एवढंच म्हणत होती, ‘‘मीच लिहविलें ग. मीच.’’

काय झालं ते नंतर सेल्वीने सांगितलं. सासू भातासाठी तांदूळ काढत होती आणि त्याच वेळी डबा थरथरायला लागला. आवाज बंद असला तरी पत्र्याच्या डब्यात फोन घुमायचा राहतो होय? सासूने फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्याने तिला आदल्या संध्याकाळी मारली होती आणि सकाळी उठून पुन्हा मारली होती. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात पाट्यावर फोनचा चुरा पडला होता. त्याच पाट्यावर त्याने तिचा उजवा हात ठेवून वरून वरवंटा घातला होता. बोटं काळीनिळी, सुजून एकमेकांना चिकटलेली. ती भिंतीला टेकून बसली होती आणि रडतसुद्धा नव्हती. आम्हाला बघून म्हणाली, ‘‘अक्का, बहिणीचा नंबर त्यातच होता. मला पाठ नाही.’’

अक्काने नवऱ्याला एक शब्द विचारला नाही. सरळ छत्री फिरवली ती त्याच्या नाकावर. नाक फुटलं. दुसरा तडाखा मानेवर. छत्री मोडली तशी तिने हातातल्या दांड्यानेच त्याला झोडायला सुरुवात केली. पण तो गिरणीवर पोती उचलणारा गडी. त्याने तिला केसांना धरून आपटली, छातीवर बसला आणि दोन्ही कानशिलांवर बुक्क्या घातल्या, पुन्हा पुन्हा. मी त्याच्या दंडाला चावले, लचका तुटेपर्यंत चावले, पण तो उठेना. कुंपणापलीकडे अख्खी गल्ली जमली होती आणि बघत होती. शेवटी मी वरवंटा उचलून त्याच्या पाठीत घातला. अजूनही त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

तो आडवा झाल्यावर अक्का रांगत पाट्यापाशी गेली. मला वाटलं, हिला घेरी आली. ती त्या चुऱ्यात बोटं फिरवत होती. काहीतरी उचलून तिने तोंडात टाकलं, मग सेल्वीच्या चांगल्या हाताला धरून उभी राहिली. ‘‘चल,’’ एवढंच म्हणाली. तंजावूरच्या सरकारी दवाखान्यात नर्सने तोंड उघडायला लावलं तेव्हा तिने माझ्या तळहातावर थुंकलं. रक्त, एक दात आणि सिमकार्ड.

पोलिसांनी नवऱ्याला नेला आणि लगेच सोडला. तो भावाला घेऊन दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन गेला, हिला घरी नेणार म्हणून. माहेर दार उघडणार नव्हतं. आता एकच आशा. सिम अक्काच्या फोनमध्ये घातलं होतं, पण बहिणीचा नंबर फुटलेल्या फोनबरोबरच गेला होता, म्हणून तिनेच आपण होऊन फोन करायला हवा होता. तिने तरी का करावा? मध्ये फोन लागला नाही म्हटल्यावर तिनेही आशा सोडली असेल, असं सेल्वी म्हणायची.  अक्का डोक्याला पट्ट्या बांधून कॉटवर बसायची, फोन मांडीवर, नजर पडद्यावर. आम्ही बोललो तरी मान वर करायची नाही. आम्हाला वाटलं, दुखत असेल.

मध्येच चेन्नईचा साहेब मोसंबी घेऊन आला. उत्तर देणाऱ्या बाईच्या घरी पुन्हा जाणं नियमात बसत नाही, त्यामुळे यापुढे आपल्याला काम देता येणार नाही, वगैरे वगैरे. अक्का त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग मोसंब्यांची पिशवी उचलून त्याच्या तोंडावर हाणली. त्याचा चष्मा फुटला. वॉर्डातल्या बायका टाळ्या पिटायच्या तेवढ्या बाकी होत्या.

तिसऱ्या दिवशी, दुपारचं जेवण वाटत होते तेव्हा, पडदा उजळला. अक्काने झडप घालून बटण दाबलं, स्पीकर लावला आणि फोन सेल्वीच्या तोंडासमोर धरला. तिकडून बहिणीने अशी किंकाळी फोडली की वाढणारी बाई डाव हातात घेऊन थांबली. ‘‘सेल्वी! जिवंत आहेस ना ग? कुठे आहेस? मी निघते, आत्ता निघते!’’ मागे बाळ रडत होतं. सेल्वी हमसून हमसून रडायला लागली, मी रडले, पलीकडच्या कॉटवरची कोण कुठली आजी, तीही रडायला लागली.

अक्का आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिने फोन आपल्या कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला. मग हलवून पाहिला. कॉटवरून उतरली, लंगडत खिडकीपाशी गेली आणि हात गजांतून बाहेर काढून फोन उंच धरला. बहीण अजून ओरडतच होती.

‘‘अग, इथें सिग्नलच नाहीं,’’ अक्का चिडून मला म्हणाली. ‘‘कांहींच ऐकूं येत नाहीं.’’