फ्रिजची जागा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजची जागा आहे, फ्रिज नाही. घर रंगवलं तेव्हाच बाबांनी तिथं प्लगचा पॉइंट काढून घेतला. आई तो कोपरा रोज पुसते आणि तिथं कुणाला काही ठेवू देत नाही.

परवा उन्हानं दूध पुन्हा नासलं, तेव्हा मी भीतभीत म्हणाले, "बाबा, कॉलेजातल्या मैत्रिणींकडे सगळं क्रेडिट कार्डावर येतं. आपणही कार्ड काढू या."

बाबा हसले. "फ्रिज येईल गं. पण त्याच्यामागून दर महिन्याला हप्ता येईल. त्याला कुठं बसवू?"

त्यांचंच बरोबर, असं मला खात्रीनं सांगता येत नाही; नासलेल्या दुधाचं काय करायचं ते आईलाच बघावं लागतं. पण शिलाई मशीन, सायकल, माझी पुस्तकं, सगळं असंच उशिरा आलं आणि आल्या दिवसापासून आमचं होतं. वाट पाहायलाही घरात जागा लागते, हे मला आत्ता कळू लागलंय.

"दिवाळीपर्यंत जमेल," आई म्हणाली. मग कोपऱ्यासमोर उभं राहून तिनं हवेतच दार उघडून पाहिलं. "खिडकीकडं उघडणारं नको हं. ओट्यापासून हात पोचला पाहिजे."