उष्ट्या पत्रावळींचे शेत

प्रवरेच्या काठी, नेवाशापासून दोन कोसांवरच्या त्या गावात फाल्गुनातला सप्ताह बसे, आणि सप्ताहाच्या पंगतीत मांडलेल्या प्रत्येक पानाला बनुबाईचा हात लागलेला असे. कुणाच्या वाट्याला कीर्तनाची सेवा येते, कुणाच्या वाट्याला वीणेची. बनुबाईला गळा नव्हता, अक्षरओळख नव्हती. तिच्या वाट्याला पळसाचे पान आले होते, आणि ते तिने बत्तीस वर्षे प्रसादासारखे दोन्ही हातांनी धरले होते.

कार्तिक लागला की ती माळावर जाई. निबर पान तोडी, कोवळ्याला बोट लावीत नसे, आणि निम्मी पाने झाडाची झाडालाच ठेवी. घरी आणून ती दगडाखाली चापायची, बारीक काड्या टोचून पत्रावळी लावायच्या, पत्रावळींवर पत्रावळी रचायच्या. सप्ताह येईपर्यंत घराची एक भिंत त्या चवडींनी झाकून जाई.

तिचे जेवणही तसेच मोजके. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी, पोट जड वाटले तर हुलग्याचे माडगे, बांधावर उगवली असेल ती घोळ नाही तर तांदुळजा. शेवटच्या घासाने ताट पुसून घ्यायचे. त्यात मुंगीलासुद्धा काही उरू नये. अडुसष्टाव्या वर्षी ती काठीवाचून माळ चढत होती. ती म्हणायची, "मातीतून आलं, मातीत गेलं पायजे. मधी आपुन घडीभरचं पाव्हनं."

गावाची एक रीत होती. धर्मराजाच्या यज्ञात प्रत्यक्ष भगवंताने उष्टी पाने उचलली, म्हणून काल्याच्या पंगतीचा यजमान उष्ट्या पत्रावळी स्वतःच्या हातांनी उचली. मग त्या बैलगाडीत भरून त्याच्याच शेतात नेत आणि नांगराखाली गाडून टाकत. सप्ताहाचा शेवटचा प्रसाद असा मातीच्या मुखी पडे.

शहाण्णव साली काल्याचा मान गहिनीनाथकडे आला. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर नोकरी, घरी बागायत, आणि मनाने भाविक माणूस. माघात तो बनुबाईच्या ओसरीवर येऊन बसला. भिंत निम्मी झाकली गेली होती.

"आत्या, काल्याला पत्रावळी न्हाई लागायच्या. नगरवरून थर्माकोलच्या ताटल्या आनतोय. पांढऱ्याशुभ्र. पुरी, बुंदी, बटाट्याची भाजी."

"अन् आमटी-भाकरी?"

"ती रोजचीच हाय की. कारखान्याचं पाव्हनं येनार. त्यांच्यापुढं पळसाचं पान मांडू? आमटी गळती त्यातून."

"गळती ती घाईत लावलेल्या पानातून. माझ्या पानातून गळलेली पाह्यली का तू?"

"न्हाई पाह्यली," गहिनीनाथ हसला. "पन तुमी आता आराम करा, आत्या. यंदा काल्याला केलं, म्हंजी फुडच्या साली समदा सप्ताह ताटल्यांवरच करू. लई वर्सं राबला तुमी."

तो गेल्यावर बनुबाईने हातातले पान खाली ठेवले. वीणेकऱ्याच्या खांद्यावरची वीणा प्रेमाने उतरवून घ्यावी आणि त्याला म्हणावे, आता बसा, तसे ते होते. प्रेम खोटे नव्हते, आणि खांदाही रिकामा झालाच.

काल्याच्या दिवशी नदीकाठच्या मोकळ्या रानात पंगत बसली. वारा सुटला होता. माणसे एका हाताने ताटली दाबून दुसऱ्याने जेवत होती. बनुबाईने दोन पुऱ्या घेतल्या आणि वाढप्यापुढे हात आडवा धरला.

शेजारची कडूबाई म्हणाली, "का गं, ताटलीवर रुसलीस का बुंदीवर?"

"रुसू कशाला? पोटाला इचारलं. ते म्हनलं, दोन बास."

"माझं पोट तर भरून आडवं पडलंय," कडूबाई म्हणाली, आणि निम्मी बुंदी ताटलीत तशीच ठेवून उठली. तशा कितीतरी ताटल्या मागे राहिल्या. आमटी-भाकरीच्या पंगतीत असे कधी दिसत नसे. तिथे भाकरी कुस्करून, आमटी ओतून, पान पुसले जाईपर्यंत कुणी उठत नसे.

गहिनीनाथने टोपी उतरवली, उपरणे कमरेला बांधले आणि वाकून एकेक ताटली उचलली. त्याचे डोळे भरून आले होते. त्याच्या भक्तीत खोट काढायला जागा नव्हती. ट्रॉली भरली तेव्हा बनुबाई जवळ गेली.

"गहिनी, ह्ये कुजंल का रं?"

"प्रसाद हाय, आत्या. धरनी माय समदं पोटात घेती."

बनुबाईने त्या वस्तूला कुजताना पाहिले नव्हते आणि न कुजतानाही. ताटल्या नांगराखाली गेल्या.

आषाढात गहिनीनाथने आडसाली उसासाठी त्याच शेतात सऱ्या पाडल्या, पाणी सोडले, आणि पाण्याबरोबर सरीच्या टोकाला पांढरे कण तरंगत आले. नांगराने ताटल्यांचा भुगा केला होता. तो आणि त्याची बायको विजयमाला पाच दिवस चाळणीने ते उपसत राहिली. पुढच्या पाण्याला तितकेच पुन्हा वर आले. जाळावे तर प्रसाद, रस्त्याला टाकावे तर प्रसाद. पोती भरून गोठ्यात उभी राहिली. मातीने पोटात घेतले नव्हते. जसे दिले तसे परत केले होते.

कार्तिक आला. बनुबाई सवयीने माळावर गेली, पळसाखाली बसली आणि रिकाम्या हातांनी परतली. कुणी पाने सांगितली नव्हती, आणि न सांगितलेल्या पंगतीसाठी झाड ओरबाडणे तिला मानवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ दारात उभा राहिला, मागे विजयमाला, तिच्या हातात रिकामी पाटी.

"आत्या, गावाकडून काल्याचा मान पुन्यांदा मागून घेतलाय. पानं तोडाया कवा निघायचं?"

"तुझा कारखाना?"

"रजा टाकलीया."

"अन् जेवान?"

"आमटी-भाकरी. घरटी पाच भाकरी, पयल्यासारख्या."

बनुबाईने डोक्यावर पदर घेतला आणि वाट धरली. माळावर ती एवढेच बोलली, "त्ये पान कवळं हाय, त्याला सोड."

दुपारी ओसरीवर गहिनीनाथने आपली पहिली पत्रावळ लावली. बनुबाईने तीत तांब्यातले पाणी ओतले. पाणी त्याच्या मांडीवर आले. विजयमाला तोंडाला पदर लावून हसली.

"आमटी गळती म्हनं पळसातून," बनुबाई म्हणाली. "काड्या काढ. पुन्यांदा लाव."

दुसरी गळली. तिसरीत पाणी थांबले. बनुबाईने ती चवडीवर ठेवली नाही. आत जाऊन बाजरीची भाकरी आणि तांदुळज्याची भाजी घेऊन आली, त्याच पानावर वाढून घेतली, सावकाश जेवली, शेवटच्या घासाने पान पुसले आणि उठून उकिरड्यावर ठेवले. मग हात धुऊन तिने पुढचे पान उचलले.