कूलरच्या खोलीतली भेदरं

भातकुलीच्या आठवडी बाजारात जयवंताबाईंची भेदरं, म्हणजे टमाटे, सगळ्यांच्या आधी संपत. आंबटगोड, पातळ सालीची, घरच्या बियाण्याची. ते बी बाईंनी तीस वर्षांत कुणाला चिमूटभर दिलं नाही. शेजारी मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकणाऱ्या बडनेऱ्याच्या हलीमाबीनं एकदा मागून पाहिलं, तर म्हणाल्या, "बी मांगू नको, भेदरं मांग." तेव्हापासून हलीमाबी बाजार उठताना पावभर पिकलेली भेदरं विकत घेई, बस्स.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाई लेकीकडे, मोनालीच्या अमरावतीच्या फ्लॅटमध्ये येऊन पडल्या. इकडे भातकुलीत उंदरांनी बियाण्याचं मडकं फस्त केलं. उरली ती बाईंच्या पिशवीतल्या पुरचुंडीतली चिमूट. तीच त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्यांत पेरली. मे महिन्याचं ऊन! आपल्याला सोसवत नाही, या तान्ह्यांना काय सोसवणार? म्हणून डबे कूलरच्या खोलीत, पडदे ओढून. दिवसातून तीनदा पाणी. लाडच लाड!

रोपं भराभर वाढली, बाई खूश. मग एका सकाळी पाहतात तो काय, वीतभर उंच, सुतासारखी बारीक, पिवळट, आणि निम्मी आडवी. चाळीस वर्षं वाफे लावले, पण असं कधी पाहिलं नव्हतं. उघड्या रानात होणार तरी कसं? बाईंनी पुरचुंडी झटकून पाहिली, एक दाणा उरला नव्हता. ही गेली की बी संपलं.

"हलीमाबी घरातच रोपं करते ना? तिला विचार," मोनाली म्हणाली.

"तिले? मी?"

दोन दिवस बाई घुश्शात राहिल्या. तिसऱ्या दिवशी आणखी चार रोपांनी मान टाकली, तेव्हा निमूट फोन लावला.

हलीमाबी दुसऱ्याच सकाळी हजर. डबे पाहून तिनं कपाळावर हात मारला. "अवं माय, रोपं हायेत का पाहुणे? कूलर कायले त्याईले? अंधारात उजेड धुंडून राहिले बिचारे, म्हनून लंबे झाले."

तिनं एकेक रोप अलगद उचललं आणि नव्या मातीत पार पहिल्या पानांपर्यंत पुरलं.

"गळ्यापर्यंत गाडून राहिली तू! मरतीन ना!"

"भेदराच्या दांड्याले मुळं फुटते. चूप बस."

मग हुकूम सुटले. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही. गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन, आधी अर्धा तास, मग रोज थोडं जास्त. आणि शेंड्यांवरून दोन वेळा हलका हात फिरवायचा. "घरात वारा नाई, त तूच वारा हो."

पंधरा दिवसांनी हलीमाबी पुन्हा आली, तेव्हा अकरा रोपं ताठ उभी होती, दांडे जाड, पानं हिरवीगार. बाईंनी सहा डबे पुढे सरकवले.

"धर, हे तुले. एकाच घरी बी ठेवलं त काय होते, ते पाह्यलं मी."

हलीमाबीला हसूच आवरेना. "माह्या वाडीत आठ वर्सांपासून तुहीच भेदरं हायेत. बाजार उठतानी पावभर पिकलेली कायले घेत होती मी? भाजीले?"

"चोट्टी!" बाई ओरडल्या. मग उमगलं, बी संपणारच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, हसूही आलं. "मंग फोनवर काहून नाई सांगतलं? माहा जीव टांगणीले लागला होता!"

"सांगतलं असतं, त तू मले घरी बोलावलं असतं का?" हलीमाबी म्हणाली, आणि सहाही डबे पिशवीत घालू लागली.