आडवी बाटली

मूर्तिजापूरच्या मेनरोडवरचं वाइनचं दुकान देवीदासच्या बापानं काढलेलं. शकुंतला रेल्वेची छोटी गाडी तेव्हा धूर सोडत स्टेशनात शिरायची, आणि उतरलेले कापसाचे व्यापारी आधी त्या दुकानाच्या फळ्यांपुढं येऊन उभे राहायचे. फळ्या गेल्या, शटर आलं. मग काउंटरवर लोखंडी जाळी बसली. जाळीतून नुसते हात आत येत. देवीदासचं सारं आयुष्य त्या हातांत बाटल्या देण्यात गेलं.

यंदा वॉर्डातल्या बायांनी दुकानाविरुद्ध अर्ज दिला आणि बायांचंच मतदान लागलं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. यादीतल्या अर्ध्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला, तरच दुकान जाणार. म्हणजे घरी बसलेली बाई दुकानाच्याच बाजूची. देवीदासनं नात्यातल्या साऱ्या बायांना घरी बसायला सांगितलं. स्वतःच्या बायकोला, केशरबाईला, सांगायची मात्र त्याला छाती झाली नाही.

मतदानाच्या सकाळी शेजारची भागीरथा दारात आली.

"येतं का वं, केशरबाई? का मालकाले इचारा लागते?"

"इचारतो कायले? चाल."

"ऊन हाय अवं," देवीदास कसाबसा म्हणाला.

"ऊन त भागीरथेलेबी हाय."

ती परतली तेव्हा त्यानं आधी तिच्या बोटावरची शाई पाहिली.

"कावून गेलती?"

"तुमाले जाळीतून हात दिसते. ते हात घरी जाऊन काय करते, ते मले आयकू येते. भागीरथेची न् आपली भिंत एकच हाय."

"म्हंजे आडवी?"

"उभीच पाह्यजे असती त घरीच नसती बसली?"

संध्याकाळी निकाल लागला. आडवीला मतं कमी पडली. मेनरोडवर फटाके फुटले, देवीदासशेठला बोलवायला माणसं येऊन गेली. देवीदास घरातून हलला नाही. दिवेलागणीला तो घरी असा कधी नसायचाच.

भिंतीपलीकडून भागीरथेच्या नवऱ्याचा आवाज आला. "दुकान बंद करतं काय वं? करतं?" काहीतरी जोरात आपटलं. मग बाईचं ओरडणं, आणि एकदम शांत.

देवीदासनं बायकोकडं पाहिलं.

"रोजचंच हाय," केशरबाई म्हणाली. तिनं तव्याखालचा गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच ती शेजारच्या दाराकडं निघाली. देवीदास उठला. उंबऱ्यापर्यंत गेला. तिथून पुढं त्याचे पाय उचलेनात.