दुसऱ्या रिमोटचं बटण

योग्या गेल्याचं मला शाळेच्या मोबाइल ग्रुपवर कळलं, आणि सहा आठवडे झाले तरी त्याचा राग माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. घोटीतल्या माझ्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाला ट्रॅक्टरचा बेल्ट काढून देत होतो. फोन वाजला, बघितलं, तर योग्याचा फोटो. कुणाच्या तरी लग्नातला, गॉगल लावलेला, आणि खाली जोडलेले हात. त्याखाली एकापाठोपाठ एक तसेच हात, आणि त्या हातांच्या मध्येच एका शहाण्यानं हापूसच्या पेट्यांची जाहिरात टाकलेली! मी दुकानातच ओरडलो. काय ओरडलो ते पेपरच्या पुरवणीत छापता येणार नाही. गिऱ्हाईक बेल्ट न घेताच निघून गेलं. ज्या माणसाबरोबर मी एका चटईवर बसून लहानाचा मोठा झालो, त्याच्या मरणाची बातमी मला आंब्यांच्या जाहिरातीला चिकटून मिळावी? पण फोन कोण करणार होतं मला? दसऱ्यापासून आमचं बोलणं बंद होतं. आणि ते बंद पडलं ते माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो. तो माझ्यावर रागावलेला असतानाच गेला का, एवढं एकच मला कळायला हवं होतं. ते सांगू शकेल असा माणूस मात्र आता उरला नव्हता.

सातपूरच्या कामगार कॉलनीत आमची घरं समोरासमोर. आम्ही सातवीत असताना योग्याच्या वडिलांनी कंपनीतल्या कुणाकडून तरी वापरलेला व्हिडिओ गेम आणला. एक पांढरं खोकं, एक पिवळी कॅसेट आणि दोन रिमोट. एक निळा सैनिक, एक लाल सैनिक, दोघांनी मिळून किल्ला चढायचा, एवढाच खेळ. निळा योग्या, लाल मी. पहिला रिमोट कायम त्याचा, कारण खोकं त्याचं. तेव्हाच्या त्या खोक्यांची गंमत ज्यांनी खेळलं त्यांनाच माहीत... दुसऱ्या रिमोटला खेळ थांबवायचं बटणच नसायचं. नाकातून पाणी आलं, डोळ्यात घाम गेला, आईनं हाक मारली, काहीही होवो, मला ओरडावं लागायचं, "थांबव रे, योग्या!" आणि तो म्हणायचा, "बटण माझ्याकडं हाय. तू मर." म्हणायचा तसं, पण थांबवायचा. माझ्या आईची पहिली हाक आली की त्याचा अंगठा बटणावर गेलेला असायचा, मी सांगायच्या आधी.

कॅसेट चालेनाशी झाली की सगळी कॉलनी तिच्यात फुंकर मारायची. योग्या मारू द्यायचा नाही. "थुंकी जाते येड्या, पट्ट्या गंजतात," म्हणून तो खोडरबरानं एकेक पट्टी घासत बसायचा. पुढं हाच माणूस अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर झाला, यात मला काही नवल वाटलं नाही. मशीनचा आवाज केसभर बदलला की योग्या उठून मशीन बंद करायचा, असं त्याच्याबरोबरचे लोक सांगतात. साहेब बोंबलत असला तरी बंद.

पण त्याच्या आयुष्यातला मोठा शोध त्यानं सातवीतच लावला होता. चौथ्या टप्प्याला एक लोखंडी दरवाजा होता, त्याच्यावर तोफा. आम्ही महिनाभर तिथंच मरत होतो. एका रविवारी योग्यानं दरवाजाच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहून वैतागून तीन उड्या मारल्या. पडद्यावर सगळे चौकोन चौकोन झाले, चित्र फुटलं, आणि परत आलं तेव्हा दरवाजा गायब! सरळ पाचवा टप्पा. आम्ही इतके नाचलो की खालच्या काकू वर आल्या. गेम बनवणाऱ्यांनी हुशार पोरांसाठी ठेवलेली ही चोरवाट आहे, असं आमचं ठरलं. कॉलनीतली पोरं ती बघायला रांग लावायची आणि योग्या त्यांना कोपरा नेमका दाखवायचा, मास्तरांसारखा. गणितात नापास होणारा पोरगा तो... पण त्या वर्षी आमच्या कॉलनीत त्याच्याइतका मान कुणाला नव्हता.

गेल्या दसऱ्याला माझ्या पोराच्या नव्या व्हिडिओ गेमच्या मशीनवर मला त्याच गेमची नवी आवृत्ती दिसली. चकाचक. सैनिकांना चेहरे, किल्ल्याला शेवाळ, पावसाला आवाज. मी मशीन उचललं आणि सोनं द्यायच्या निमित्तानं थेट सातपूर गाठलं. योग्या हात धुऊन, पुसून, सोफा सोडून खाली फरशीवर बसला. पहिले तीन टप्पे आम्ही असे मारले की जणू मधली वर्षं कुणी मोजलीच नव्हती. या नव्या खेळात मेलं तर दहा सेकंद मागं जायची सोय होती. योग्यानं ती वापरली नाही. "मेलो तर मेलो, पहिल्यापासून चालू कर," म्हणाला. मग आला दरवाजा. योग्या डाव्या कोपऱ्यात गेला, माझ्याकडं बघून हसला, आणि तीन उड्या मारल्या. काही झालं नाही. परत तीन. परत. मनीषावहिनी चहा ठेवून गेल्या, चहावर साय धरली, आणि हा पंचेचाळीस वर्षांचा माणूस कोपऱ्यात उड्या मारतोय! मी मोबाइलवर शोधलं. जगभरच्या लोकांनी त्या गेमची चाळण केलेली, पण ही चोरवाट कुणालाच माहीत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी खो-खो हसत सुटलो. "अरे, कॅसेटच खराब होती आपली! ती चोरवाट नव्हतीच!" योग्या हसला नाही. रिमोट खाली ठेवून म्हणाला, "चहा गार झाला."

तिथं थांबायला हवं होतं मी. पण माझी जीभ! घरी येईपर्यंत शाळेच्या ग्रुपवर मी हा किस्सा मीठमसाला लावून टाकलेला. लोक तुटून पडले. कुणी त्याला 'संशोधक' म्हणायला लागलं, कुणी त्याचा उड्या मारतानाचा खोटा फोटो बनवला. योग्या ग्रुपमधून बाहेर पडला आणि त्यानं मला फोन केला.

"माझं हसं चारचौघांतच करायचं होतं का रे, सुन्या?"

"अरे गंमत केली. तो कॅसेटमधला बिघाड होता, त्यात काय एवढं?"

"होता ना बिघाड? मग तो शोधला कुणी? मीच ना?"

फोन ठेवला त्यानं. घोटी ते सातपूर तासाभराचा रस्ता. साडेपाच महिने मी तो तासभर काढला नाही. आधी तो फोन करेल, मग मी करेन... असला माज. मला माझीच शिसारी येते.

आणि त्याचाही राग येतो, का येऊ नये? दोन दिवस छातीत दुखत होतं त्याच्या. वहिनी हात जोडून दवाखान्यात चला म्हणत होत्या, आणि हा सोडा पिऊन "ॲसिडिटी हाय गं, शिफ्ट करून आलो की जाऊ," म्हणत पहिल्या शिफ्टला गेला. परत आलाच नाही. लोखंडाचा आवाज बदललेला कळत होता, मग स्वतःच्या छातीचा कळत नव्हता होय रे? साऱ्या जन्मात थांबवायचं बटण तुझ्याच हातात होतं ना? गोदाकाठी दशक्रियेला त्याचे एक दूरचे काका म्हणत होते, "एवढा बाप्या माणूस, पण सुट्टीच्या दिवशी पोरांसारखा गेम खेळायचा. डोक्याला ताप होणारच." मी म्हणालो, "काका, तुम्ही चौकात पत्ते कुटता, त्यानं डोकं थंड राहतं का?" लोकांनी मला बाजूला नेलं. नेलं ते बरं केलं.

मागच्या रविवारी सातपूरला गेलो. वहिनींनी कपाटातून पांढरं खोकं काढलं, टीव्हीला जोडलं, आणि दुसरा रिमोट माझ्या हातात दिला. त्यावर मधोमध पितळेचं एक गोल बटण होतं. चण्याएवढं, कडा घासून गुळगुळीत केलेलं, बोटाला लागू नये म्हणून. रिमोटमधून एक बारीक काळी वायर निघून पहिल्या रिमोटच्या पोटात गेली होती.

"संक्रांतीच्या सुट्टीत बसून केलं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, ज्याच्यासाठी करताय तो तर येत नाही. तर म्हणाले, येतो गं तो, जातोय कुठं? आल्यावर दाखवू नको, त्याचं त्याला सापडू दे."

मी खेळायला बसलो. लाल सैनिक एकटाच निघाला. निळा सुरुवातीलाच उभा राहून मेला, त्याचे सगळे डाव असेच संपले. चौथ्या टप्प्याला मी डाव्या कोपऱ्यात तीन उड्या मारल्या. चित्र फुटलं, दरवाजा गायब. मी पितळेचं बटण दाबलं. सगळं जागच्या जागी थांबलं. म्हणजे संक्रांतीलाच तुझा राग गेला होता, हरामखोरा! मग फोन करायला काय झालं होतं? आणि मला काय झालं होतं?

निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा रिमोट घेऊन जा, तुमच्यासाठीच केलाय." मी उचलला, तर वायरीला लटकून त्याचाही उचलला गेला. वहिनींनी कात्री आणून दिली. मी दोन्ही रिमोट परत कपाटात ठेवले आणि म्हणालो, दर रविवारी येत जाईन.