पाचव्या गाण्यानंतरची वीस मिनिटं

"गाणी तीच आहेत ना, मग क्रम बदलला म्हणून काय बिघडलं?" हे वाक्य मला परत कोणी ऐकवलं तर हातात असेल ते फेकून मारीन. आधीच सांगून ठेवते, नंतर मला कजाग म्हणायचं नाही.

आमचे हे लाकडाला पॉलिश करतात. मशीनने फवारा मारून तासाभरात मोकळं व्हायचं, तसलं नव्हे. हाताचं. जुन्या सुती कापडात कापूस बांधून पुरचुंडी करायची, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्यात, म्हणजे लाखेत, बुडवायची आणि लाकडावर फिरवत राहायची. मधे थांबलात की डाग पडलाच. असा एक थर दिला की त्याला 'एक हात' म्हणतात, आणि तो हात सुकायला वीस मिनिटं लागतात. एका कपाटाला असे बारा-चौदा हात. यांची कामाची खोली स्वयंपाकघराला लागूनच आहे. मधलं दार कायम लोटलेलं, कारण स्पिरिटच्या वासाने माझं डोकं उठतं.

त्या खोलीत फळीवर टेप होता आणि अकरा कॅसेटा. काम सुरू व्हायचं ते मात्र कायम एकाच कॅसेटने. कोण्या बाईंची होती, या बाजूला पाच गाणी, त्या बाजूला पाच. पहिलं गाणं संथ, त्याला फळीच्या मधोमध लांब हात चालायचा. तिसरं नाचरं, त्याला कडा आणि कोरीवकाम. पाचवं लांबलचक, त्यात हात हलका होत होत शेवटच्या सुराला पुरचुंडी लाकडावरून अलगद सुटायची. मग टेपचं बटण आपोआप 'खट' करून वर यायचं. पुरचुंडी बरणीत, बरणीला झाकण, हात पुसायचे, आणि दार ढकलून हे आत. "बाजू संपली."

एकतीस वर्षं हे असं चाललंय. लोक हसायचे. "कपाट कधी देताय?" विचारलं की हे सांगायचे, "चौदा बाजू लागतील." बाजारात यांचं नावच पडलं, बाजूवाले. माझ्या बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यातल्या नर्सला म्हणाले, "अहो, सात बाजू झाल्या, अजून काही बातमी नाही?" तिला वाटलं या माणसाला चक्कर येतेय. तिने यांना पाणी देऊन बाकावर बसवलं.

हसा. पण माझा सगळा संसार त्या वीस-वीस मिनिटांत झालाय. हा माणूस एरवी बोलत नाही हो. रात्री जेवले की अंथरुणाला पाठ टेकायचा अवकाश, घोरायला सुरुवात. सकाळी घाई. जे काही बोलायचं ते बाजू संपल्यावर, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, हात सुकेपर्यंत. माझ्या आईचं दुखणं, पोराचं नापास होणं, जावेचे टोमणे, सगळं तिथेच. मला छातीत गाठ लागली तेव्हा पहिल्यांदा सांगितलं ते यांना, दुसऱ्या बाजूनंतर. गाठ साधी निघाली. पण रिपोर्ट येईपर्यंत चार दिवस हे प्रत्येक बाजूनंतर येऊन माझ्यासमोर नुसते बसायचे, चहाला हातसुद्धा लावायचे नाहीत. आणि मीही काही गोडबोली नाही. दिवसातून आठ वेळा चहाचं भांडं चढवायचं, विसळायचं, परत चढवायचं. कुरकुर करायचेच. कोण नाही करत?

आता आमचे चिरंजीव. शिकलेला, ऑफिसात कामाला, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. सकाळपासून कानात दोन पांढऱ्या बिया खोचलेल्या. एक गाणं पुरतं ऐकेल तर शपथ! अर्धं झालं की अंगठा चालला पुढे. आम्ही दोघं दोन दिवस माझ्या भावाकडे गेलो होतो. परत येऊन बघतो तर फळीवर टेप नाही, कॅसेटा नाहीत. त्या जागी एक काळा डबा आणि त्याचा जुना फोन.

"सरप्राइज!" हा म्हणतो. "बाबा, तुमची सगळी गाणी यात घातलीत. उलटसुलट वाजतात, म्हणजे पुढचं कोणतं येईल ते कळतच नाही. मजा येते."

"टेप कुठाय?" मी विचारलं.

"तो? भंगारात दिला. त्याची पट्टी गेली होती, आई."

तुझी अक्कल गेली होती, मी म्हटलं. हे मात्र डब्यावरून हात फिरवून म्हणाले, "पोराने हौसेने आणलंय." मऊ लागलं की कोपराने खणतात लोक, ते काय उगीच? मी तशीच चपला घालून भंगारवाल्याकडे गेले. त्याने टेप फोडून आतली तांब्याची तार काढून घेतली होती आणि कॅसेटा प्लॅस्टिकच्या पोत्यात गेल्या होत्या. पोतं सकाळीच ट्रकमध्ये चढलं होतं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. डॉक्टरीणबाईंचं जेवणाचं टेबल होतं, आठ माणसांचं, आरशासारखं करून हवं होतं. मी आतून ऐकत होते. आधी नाचरं गाणं. मग दुसऱ्याच कुठल्या कॅसेटमधलं रडगाणं. मग पाचवं, मग पहिलं, मग परत कुठलंतरी. खट नाही, बाजू नाही, शेवटच नाही. चहा उकळून उकळून काळा झाला, मी ओतून दिला. दुपारपर्यंत दार एकदाही उघडलं नाही. गुंतलेत कामात, म्हटलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. टेबलावर मधोमध पांढरट ढग आलेला आणि पुरचुंडी ओढल्याचे वळ. ओल्या हातावर दुसरा हात दिला की असं होतं, हे मलासुद्धा कळतं. बाईंनी बोट फिरवलं आणि विचारलं, "हे असंच असतं का?"

एकतीस वर्षांत यांना असं कोणी विचारलं नव्हतं. यांनी मान खाली घातली, म्हणाले, "नाही बाई. परत करून देतो." मग पॉलिश पेपर घेऊन अख्खं टेबल खरवडायला बसले. तीन दिवस.

मी फोन करून चिरंजिवांना बोलावून घेतलं. आणि तेव्हा तो ते वाक्य बोलला. गाणी तीच आहेत ना, मग क्रम बदलला म्हणून काय बिघडलं!

"तुला आधी तेराचा पाढा म्हणायला लावला असता, मग बे एके बे, तर पास झाला असतास?" मी ओरडले. "कागद घे. लिही." आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून दहाच्या दहा गाणी ओळीने सांगितली, कुठल्या गाण्यानंतर कुठलं, या बाजूची पाच, त्या बाजूची पाच. मी कधी ती कॅसेट लावून ऐकली नव्हती. दारापलीकडून एकतीस वर्षं कानावर पडली होती, तेवढंच. पोरगा तोंड उघडं टाकून लिहीत राहिला. मग त्याने निमूटपणे गाणी ओळीने लावून दिली, पाचव्यानंतर थांबतील अशी.

झालं एकदाचं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गाणं, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. मी चहा ठेवला, स्टूल पुसलं. पाचवं संपलं. आवाज बंद झाला.

दार उघडलं नाही.

पाच मिनिटं वाट पाहिली, दहा मिनिटं पाहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता क्रम नीट आहे, गाणी नीट आहेत, मग या माणसाला झालंय काय? मी जाऊन दार ढकललं.

हे रंगाच्या उपड्या डब्यावर बसले होते. पुरचुंडी बरणीत होती, झाकण लावलेलं होतं, हात पुसलेले होते. ओल्या टेबलाकडे बघत नुसते बसले होते, वीस मिनिटं संपायची वाट बघत. त्या स्पिरिटच्या वासात, एकटे.

"अहो, बाजू संपली ना? मग आत का नाही येत?"

"अगं, असू दे."

"काय असू दे? रोज इथेच बसता?"

"आधी नुसता घासतच राहिलो. थांबायचं तर बसू कुठे, असं झालं होतं. टेबल त्यानेच गेलं. गाण्यांचा काही दोष नाही." मग खाली बघत म्हणाले, "भावाकडे जायच्या आधीच्या रविवारी तू पोराला म्हणालीस, यांचा चहा करून करून माझे पाय गेले, तो टेप एकदाचा बंद पडला तर सुटेन. मी दाराआड होतो. पोराने तेवढ्यासाठीच आणलं ते. मलाही वाटलं, खरंच आहे. दमली असशील."

मी दाराला धरून उभी राहिले. पोराला त्या भंगारावरून शिव्या घातल्या, त्याची अक्कल काढली, फोनला दगड म्हटलं, आणि सगळं निघालं होतं माझ्याच तोंडातून. जिभेला हाड नसतं माणसाच्या! मला इतका राग आला होता की कोणावर काढू तेच कळेना. मग समोर होते त्यांच्यावरच काढला.

"एकतीस वर्षं बडबडतेय मी तुमच्यासमोर," मी ओरडले. "एकतीस वर्षं! त्यातलं एवढं एकच वाक्य खरं वाटलं तुम्हाला?"

हे डब्यावरून उठले, घड्याळाकडे पाहिलं.

"सहा मिनिटं राहिलीत," म्हणाले.

"मग चला की आत," मी म्हटलं, "का आता ओवाळून नेऊ?"