माझे हिरो आधी प्रार्थना करतात

कादंबरी लिहायला मला वर्ष लागतं, पण त्या लिहिण्याचे किस्से मात्र आठवड्याला दोन-तीन जमतात! चहाला बसलं की एक निघतो, त्याच्यामागून दुसरा, आणि चहा गार. सात कादंबऱ्या झाल्या माझ्या. सगळ्या प्रेमाच्या, सगळ्या ख्रिस्ती आणि सगळ्या धुळ्याच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर लिहिलेल्या. माझा हिरो आधी प्रार्थना करतो, मग प्रेमात पडतो. हसू नका, वाचक आहेत मला!

* * *

पहिल्या कादंबरीत अगदी शेवटी, लग्न लागल्यावर, एक चुंबन होतं. एकच. तेही कपाळावर! चर्चची लायब्ररी एस्तेरअक्का बघतात. त्यांनी शेवटची दोन पानं कणकेच्या खळीने चिकटवून टाकली. का, तर म्हणे तरुण मुलं वाचतात.

झालं! ज्या पुस्तकाला कुणी हात लावत नव्हतं त्याला नंबर लागले. जो तो ते ट्यूबलाइटसमोर धरून बघतोय. शेवटी पाळकसाहेबांच्या मिसेस हळूच माझ्या कानाशी आल्या. "अहो, पातेल्याच्या वाफेवर धरलं की अलगद सुटतं!"

* * *

दुसऱ्या कादंबरीचा हिरो रावेरचा केळीवाला. त्याला मी बागेत उभं केलं आणि झाडावरचं पिवळंधमक केळं तोडून नायिकेच्या हातात द्यायला लावलं. मला काय रोमँटिक वाटलं होतं ते!

रावेरहून एका बागायतदाराचा फोन. "ताई, आमच्याकडे घड हिरवा असतानाच कापून ट्रकमध्ये जातो. केळं झाडावर पिवळं होईपर्यंत हा गडी करत काय होता?"

"प्रार्थना," मी म्हटलं.

"मग याला मुलगी देऊ नका!"

* * *

प्रुफं आमचे मिस्टर वाचतात. नरडाण्याच्या कंपनीतून रिटायर झालेला माणूस, पेन्सिल हातात घेतली की सुपरवायझर! एकदा हिरोच्या दीड पानी बोलण्याशेजारी त्यांनी लिहिलं, "इतकं कोण बोलतं?"

मी भडकलेच. "तीस वर्षांत तुम्ही मला गोड अशी एक ओळ तरी बोललात का?"

त्यांनी चष्मा काढला, मनापासून आठवून बघितलं आणि म्हणाले, "तुझ्या हातचं भरीत दुसऱ्यांदा मागून घेतो की!"

आता यावर काय भांडायचं? संध्याकाळी वांगी भाजायला घेतली.

* * *

आमच्या भाजीवाल्या जिजाअक्का. त्यांना वाचता येत नाही, पण गोष्ट ऐकायची भारी हौस. ओट्यावर टोपली टेकवायची आणि म्हणायचं, "वाच वं बाई!" एक आख्खं प्रकरण मी वाचून दाखवलं. हिरो चार पानं देवाजवळ मन मोकळं करतो, असं ते प्रकरण. मला ते फार आवडलेलं.

अक्का म्हणाल्या, "हाऊ देवले बठ्ठं सांगस, मंग त्या पोरगीले काबरं सांगत नही?"

देवाला सगळं सांगतो, मग त्या मुलीला का नाही? मला एकदम योसेफभाऊच आठवले.

* * *

योसेफभाऊ म्हणजे आमच्या चर्चचे सेक्रेटरी. वय अठ्ठावन्न, विधुर. आणि शालिनी माझी मैत्रीण, विधवा, संडे स्कूल घेते. गेली चार वर्षं उपासना सुटली की हा माणूस तिची स्कूटी गर्दीतून बाहेर काढून देतो आणि हवामानावर बोलतो. "आज ऊन जास्त आहे." बस्स! बाकी सगळ्या चर्चला कळलंय, फक्त यांचं तोंड उघडत नाही.

फेब्रुवारीत शालिनी माझ्याकडे आली. "मुलगा पुण्याला कायमची बोलावतोय. मे महिन्यात जायचं म्हणतोय." मग हळूच म्हणाली, "यांनी एकदा विचारलं असतं ना, तर मी कशाला गेले असते गं?" डोळे भरले होते तिचे. मलाही राहवलं नाही.

म्हणून आठवी कादंबरी मी मुद्दाम घेतली. विधुर सेक्रेटरी सॅम्युएल आणि संडे स्कूलची विधवा टीचर मार्था! प्रत्येक प्रकरण दोघांनाही वाचायला द्यायची. शालिनी वाचून लाजायची. योसेफभाऊ स्वल्पविराम घालून परत द्यायचे.

शेवटी मी तोंडावरच विचारलं, "भाऊ, आता सॅम्युएलनं काय करावं?"

भाऊ गंभीर झाले. "विषय कमिटीपुढे ठेवावा."

कपाळ बडवून घेतलं मी!

* * *

एप्रिल उजाडला. शालिनीच्या बॅगा भरून झाल्या होत्या. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये सूचना वाचतात, कुणाची हरकत असेल तर त्याने तिथेच बोलावं म्हणून. शेवटच्या प्रकरणासाठी मी तशी सूचना टाईप केली, शालिनीला वाचून दाखवली आणि मजकूर तपासायला योसेफभाऊंकडे दिली.

त्या रविवारी पाळकसाहेब बाहेरगावी होते. पाचोऱ्याहून पाहुणे पाळक आलेले, त्यांना इथलं कुणीच माहीत नाही. त्यांनी योसेफभाऊंनी लावून ठेवलेली सूचनांची फाईल उघडली. बुधवारी बायबल अभ्यास, शुक्रवारी महिला संघ, आणि मग...

"या मंडळीचे सेक्रेटरी श्री. सॅम्युएल, विधुर, आणि संडे स्कूलच्या शिक्षिका श्रीमती मार्था, विधवा, यांचा विवाह योजला आहे. ही पहिली सूचना. कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावे."

कादंबरीचा कागद फाईलमध्ये गेला कसा? योसेफभाऊ पहिल्या बाकावर मान खाली घालून बसलेले. कान लालबुंद.

"हरकत आहे!"

सगळं चर्च मागे वळलं. शालिनी उभी होती.

पाहुणे पाळक बिचारे घाबरलेच. "काय... काय हरकत आहे, बाई?"

शालिनीनं पदर सारखा केला. "नावं चुकलीत. मार्थाच्या जागी माझं घाला, शालिनी." मग पहिल्या बाकाकडे बघून म्हणाली, "सॅम्युएलच्या जागी कुणाचं घालायचं, ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

योसेफभाऊ उठले. घसा खाकरला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पाळकांना म्हणाले, "साहेब, माझं नाव घाला. पण नियमानं ही सूचना धरता येणार नाही. पुढच्या रविवारपासून तीन मोजा!"